तोंडाच्या गाठीतल्या स्टेमसदृश पेशी: सीडी४४ दिसला म्हणजे ओळख पटली का?

जळगावच्या एका कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "गालाच्या आतल्या कर्करोगाच्या गाठी ऑपरेशननंतर आम्हाला मिळू शकतात. त्यांतल्या स्टेमसदृश पेशी ओळखायच्या आहेत. आमच्याकडे मायक्रोस्कोप, सीओ-टू इन्क्युबेटर आणि पीसीआर आहे, फ्लो सायटोमीटर नाही. सीडी४४चं स्टेनिंग पुरेसं होईल का? पेशी वेगळ्या करायला नमुना पुण्या-मुंबईला न्यावा लागला तर काय काळजी घ्यायची?"

सीडी४४ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, आणि फ्लो सायटोमीटर म्हणजे चमकत्या अँटिबॉडीने रंगवलेल्या पेशी एकेक करून तपासणारं यंत्र. नुसतं सीडी४४ पुरेसं होणार नाही. कारण आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या आपोआप पटतील.

"स्टेमसदृश" हे पेशीच्या वागणुकीचं नाव आहे, रूपाचं नाही. २००६मध्ये अमेरिकन कर्करोग संशोधन संघटनेच्या कार्यशाळेने व्याख्या ठरवली तीही वागणुकीवरच बेतलेली: गाठीतली जी पेशी स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करते आणि त्याच गाठीत दिसणाऱ्या नाना तऱ्हेच्या पेशीही तयार करते, ती कर्करोगाची स्टेम पेशी. केळीचा कंद फुटणार की नाही हे पानं बघून कळत नाही, तो लावावा लागतो. इथेही तसंच आहे. मार्कर, म्हणजे सीडी४४सारखी पेशीवरची खूण, फक्त कोणती पेशी लावून बघायची ते सुचवतो. आणि लावताना मार्कर असलेली पेशी व मार्कर नसलेली पेशी, दोन्ही सारख्याच काळजीने लावाव्या लागतात. सगळा दावा या तुलनेवर उभा असतो. माझं ठाम मत आहे की या विषयातले निम्मे कच्चे निष्कर्ष निगेटिव्ह गटाकडे दुर्लक्ष केल्यामुळे निघतात.

इतिहासातही हेच दिसतं. १९९४ आणि १९९७ साली टोरांटोत जॉन डिक यांच्या प्रयोगशाळेने तीव्र मायलॉइड ल्युकेमियातल्या (रक्ताच्या एका कर्करोगातल्या) सीडी३४ असलेल्या पण सीडी३८ नसलेल्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात आजार उभा करतात हे दाखवलं. २००३मध्ये स्तनाच्या गाठींतून सीडी४४ असलेल्या आणि सीडी२४ नसलेल्या किंवा अत्यल्प असलेल्या पेशी काढल्या गेल्या. अशा १०० पेशींनीही उंदरात गाठ झाली, उरलेल्या पेशी हजारोंनी टोचूनही झाली नाही. २००४मध्ये मेंदूच्या गाठींत सीडी१३३बाबत असाच निष्कर्ष आला. २००५मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून, शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगातल्या स्टेमसदृश पेशींवरचं काम प्रसिद्ध केलं. तुमच्या विषयाला सर्वांत जवळचं काम २००७चं आहे: डोकं-मानेच्या कर्करोगात साधारण १० टक्क्यांहून कमी असलेल्या सीडी४४ पॉझिटिव्ह पेशींनी उंदरात गाठ निर्माण केली, निगेटिव्ह पेशींनी केली नाही.

मग २००८ साली मेलानोमावरचं, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगावरचं, काम आलं आणि सगळ्यांना थांबून विचार करावा लागला. त्याआधीच्या पद्धतीने मेलानोमात अशी पेशी सुमारे दहा लाखांत एखादी निघे. तेच काम एनएसजी नावाच्या, प्रतिकारशक्ती आणखी कमी असलेल्या उंदरात, पेशी मॅट्रिजेलमध्ये (पेशींना आधार देणाऱ्या प्रथिनांच्या जेलमध्ये) मिसळून आणि जास्त महिने वाट पाहून केलं, तेव्हा निवड न केलेल्या पेशींपैकी जवळजवळ ४मधली १ पेशी एकटीने गाठ करू शकली. पेशी मानवी मेलानोमाच्याच होत्या, बदलली ती चाचणी. म्हणून "किती टक्के" हा आकडा लिहिताना कोणता उंदीर, किती महिने, मॅट्रिजेल होतं की नाही, हे शेजारीच लिहावं लागतं. ते नसलेला आकडा वाचून उपयोग नाही.

आता सीडी४४ची तोंडातली अडचण. निरोगी तोंडाच्या अस्तरात, म्हणजे स्क्वॅमस एपिथेलियमच्या तळच्या थरात, सीडी४४ भरपूर असतो. पांढऱ्या पेशींवर असतो, फायब्रोब्लास्टवर (आधाराचे तंतू तयार करणाऱ्या पेशींवर) असतो, आणि बऱ्याच तोंडाच्या गाठींत कर्करोगाच्या बहुतांश पेशींवरही कमी-जास्त असतो. गाठीतून निघालेल्या पेशींच्या मिश्रणावर फक्त सीडी४४ लावून "३० टक्के पॉझिटिव्ह" म्हटलं, तर त्यातला मोठा हिस्सा लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि फायब्रोब्लास्टचा निघेल. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी मेलेल्या पेशी वगळा, मग सीडी४५ने पांढऱ्या पेशी, सीडी३१ने रक्तवाहिन्यांच्या पेशी आणि सीडी१४०बीने फायब्रोब्लास्ट वगळा. उरलेल्यांतून ईपीकॅम हे प्रथिन असलेल्या एपिथेलियल, म्हणजे अस्तराच्या, पेशी घ्या. त्यातही पॉझिटिव्ह-निगेटिव्ह अशी रेघ मारण्यापेक्षा सीडी४४ सर्वांत तेजस्वी असलेल्या ५ ते १० टक्के आणि सर्वांत मंद असलेल्या ५ ते १० टक्के पेशी वेगळ्या करा. मधल्या पेशी सोडून द्या. काही गाठींत ईपीकॅम फिका असतो, विशेषतः पेशी एपिथेलियल रूप सोडू लागलेल्या असतात तिथे. अशा नमुन्यात ईपीकॅमचा गेट, म्हणजे पेशी निवडायची रेघ, फार कडक ठेवला तर नेमक्या हव्या त्याच पेशी बाहेर पडतात. तिथे नको त्या पेशी वगळण्यावरच भर द्या.

नमुन्याकडे येऊ. पहिली गोष्ट संस्थेच्या नीती समितीची परवानगी आणि रुग्णाची संमती. संमतीपत्र मराठीत छापलेलं असलं तरी नंदुरबार-धडगावकडून आलेल्या माणसाला ते पावरी किंवा भिलीत, आणि धुळे-जळगावच्या खेड्यांतल्या आजींना अहिराणीत समजावून सांगणारं कुणी हवं. सही घेतली पण समजलं नाही, असं व्हायला नको. गाठ संशोधनासाठी दिल्याने उपचारात फरक पडणार नाही, हे त्यात स्पष्ट यायला हवं. तंबाखू-चुना, मिसरी, गुटखा, सुपारी यांपैकी काय आणि किती वर्षं, हे तेव्हाच नोंदवा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी असली तरी रुग्णाच्या इतिहासात तो येतोच, आणि लोक विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट: गाठीला पहिली सुरी पॅथॉलॉजिस्टची. कडा शाईने रंगवून, दिशा ठरवून झाल्याशिवाय तुम्ही तुकडा कापला, तर गाठ पूर्ण निघाली की नाही हे त्या रुग्णाला कधीच नीट सांगता येणार नाही. तुमचा प्रयोग तेवढ्या मोलाचा नाही. पॅथॉलॉजिस्टकडून गाठीच्या मधला सडलेला भाग टाळून, पण कडेपासून आतला, साधारण अर्धा ते एक ग्रॅमचा तुकडा मागा. त्याचे लगेच तीन भाग करा: एक फॉर्मॅलिनमध्ये, एक लिक्विड नायट्रोजनमध्ये, एक जिवंत माध्यमात. फॉर्मॅलिनमधला भाग फालतू समजू नका. तुम्ही काम केलेल्या तुकड्यात खरोखर कर्करोग होता की नुसता सुजलेला टिश्यू, हे तोच सांगतो.

जिवंत तुकड्यासाठी थंड डीएमईएम-एफ१२ माध्यम, त्यात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नेहमीच्या दुप्पट, जेंटामायसिन ५० मायक्रोग्रॅम आणि अँफोटेरिसिन-बी २.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. तोंड म्हणजे जंतूंचं घर, आणि सडलेल्या गाठीत कॅन्डिडा ही बुरशी बऱ्याचदा असते. स्तनाच्या गाठीसाठी लिहिलेली कृती इथे जशीच्या तशी चालवली तर तिसऱ्या दिवशी प्लेट ढगाळ होते. तुकडा माध्यमात टाकण्याआधी ४-५ वेळा, दर वेळी ५ मिनिटं, याच औषधांच्या पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) धुवा आणि दर वेळी नवी नळी घ्या.

प्रवासात तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहायला हवं, आणि टिश्यू गोठता कामा नये. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५वर जातो, तेव्हा घाबरून लोक फ्रीझरमधले जेल-पॅक थेट नळीला चिकटवून ठेवतात. तिथेच बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात. पॅक फ्रीझरमधून काढून पृष्ठभागावर दव येईपर्यंत बाहेर ठेवा, नळी आणि पॅक यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घाला, थर्माकोलच्या डब्यात छोटा तापमान-नोंदक ठेवा. नळी गळणार नाही अशा दुसऱ्या डब्यात, तो तिसऱ्यात, आणि वर जैविक धोक्याची खूण. जळगाव किंवा भुसावळहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचलात आणि ऑपरेशनपासून २४ तासांच्या आत काम सुरू झालं, तर नमुना वापरता येतो. ६ तासांच्या आत झालं तर उत्तमच. म्हणून ऑपरेशनची वेळ, फ्लो सायटोमीटरची वेळ आणि गाडीची वेळ या तिन्ही आधी जुळवून मगच नमुना घ्या. शुक्रवारी दुपारचं ऑपरेशन सहसा कामाचं नसतं.

वेळा जुळत नसतील तर १-२ मिलिमीटरचे तुकडे करून ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रव्यात), मिनिटाला १ अंश या वेगाने उणे ८० अंशांपर्यंत नेऊन, मग लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरतात तशा नायट्रोजनच्या कॅन आपल्या भागात अपरिचित नाहीत, तशीच कॅन लागते. मात्र अशा नमुन्यात जिवंत पेशी कमी मिळतात आणि त्यांची तुलना ताज्या नमुन्यांशी करायची नाही. सगळे ताजे किंवा सगळे गोठवलेले.

पेशी सुट्या करताना बहुतेक कामं बिघडतात. तुकडा दोन ब्लेडने १ मिलिमीटरहून बारीक कापा, किसल्यासारखा रगडू नका. टिश्यू सैल करणारी एन्झाइमं अशी: कोलॅजिनेज टाइप-४ १ मिलिग्रॅम, हायल्युरोनिडेज १०० युनिट आणि डीएनेज-१ १०० मायक्रोग्रॅम, हे सगळं प्रति मिलिलिटर, सीरमविरहित माध्यमात. ३७ अंशांवर १ ते २ तास, दर १५-२० मिनिटांनी रुंद तोंडाच्या पिपेटने हलकं वर-खाली. मेलेल्या पेशींचा डीएनए बाहेर येऊन सगळं शेंबडासारखं चिकट होतं, डीएनेज त्यासाठी. ते विसरलात तर पेशींचे गोळे होतात आणि गाळणीतच अडकतात. मग ७० आणि नंतर ४० मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा, अमोनियम क्लोराइडने ३-५ मिनिटं लाल पेशी फोडा, ३०० जीवर ५ मिनिटं फिरवा, मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपॅन ब्लू घालून मोजा. जिवंत पेशी ८० टक्क्यांवर असाव्यात. ६० टक्क्यांखाली असतील तर सॉर्टिंगचा, म्हणजे यंत्राने पेशी वेगळ्या करण्याचा, खर्च करू नका.

सुपारी-गुटख्याच्या रुग्णांत सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे अस्तराखालचा भाग तंतुमय होऊन आखडणं, बऱ्याचदा सोबत असतं. असा टिश्यू दोरखंडासारखा घट्ट निघतो आणि कोलॅजिनेजला दाद देत नाही. इथे वेळ ४ तासांवर नेण्याचा मोह होतो, पण तोवर आधी सुटलेल्या पेशी मरतात. त्याऐवजी दर ४५ मिनिटांनी सुटलेल्या पेशी काढून थंड सीरमच्या माध्यमात ठेवा आणि उरलेल्या तुकड्यांना ताजं एन्झाइम द्या.

ट्रिप्सिन मात्र टाळा. ते पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं, आणि सीडी४४ नेमका तिथेच बसलेला असतो. मग "सीडी४४ मंद" दिसणारी पेशी खरोखर मंद आहे की तुम्हीच तिचा सीडी४४ कापलात, हे सांगता येत नाही. कोलॅजिनेजही पूर्ण निर्दोष नसतं, स्वस्त लॉटमध्ये इतर प्रोटिएजची भेसळ असते. याला सोपी तपासणी आहे. निरोगी रक्तातल्या पांढऱ्या पेशी किंवा तोंडाच्या कर्करोगाची सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढणाऱ्या पेशी) घ्या, अर्ध्या पेशी त्याच एन्झाइममध्ये तेवढाच वेळ ठेवा, अर्ध्या साध्या माध्यमात, आणि दोन्हींवर सीडी४४ लावा. तेज घटलं तर लॉट बदला. सीडी१३३ वापरणार असाल तर आणखी एक पेच आहे: एसी१३३ ही अँटिबॉडी त्या प्रथिनाचं विशिष्ट, साखरेच्या जोडणीवर अवलंबून असलेलं रूप ओळखते. त्यामुळे एमआरएनए भरपूर असूनही स्टेनिंग रिकामं येऊ शकतं, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल अँटिबॉडीच्या क्लोनमुळेच वेगळे पडतात.

स्टेनिंगसाठी १० लाख पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये, पीबीएसमध्ये २ टक्के सीरम आणि २ मिलिमोलर ईडीटीए. अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी एफसी ब्लॉक १० मिनिटं, मग अँटिबॉडी २०-३० मिनिटं बर्फावर, अंधारात. मेलेल्या पेशींसाठी ७-एएडी किंवा डीएपीआय अगदी शेवटी. मेलेली पेशी कोणतीही अँटिबॉडी चिकटवून घेते, म्हणून हा रंग न वापरता घेतलेला निकाल वाचूच नये. गेटची रेघ एफएमओ कंट्रोलवरून ठरवा, म्हणजे सगळे रंग आणि त्यातला एकच वगळलेला. निव्वळ आयसोटाइप कंट्रोलवरून (मार्कर न ओळखणाऱ्या अँटिबॉडीवरून) रेघ मारली तर रंगांची एकमेकांत होणारी गळती लक्षातच येत नाही. एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी वगळायला फॉरवर्ड स्कॅटरचं क्षेत्रफळ आणि उंची यांचा आलेख लावा. ईपीकॅमवाली पेशी लिम्फोसाइटला चिकटली की एकच विचित्र "दुहेरी" पेशी दिसते, आणि नवशिक्याला तीच नवा शोध वाटते. सॉर्टिंगला १०० मायक्रोमीटरचा नोझल आणि कमी दाब, कारण एपिथेलियल पेशी मोठ्या आणि नाजूक असतात. गोळा करायच्या नळीला आतून सीरम लावून घ्या.

हिशोब आधीच करा. उदाहरणार्थ, गाळून २० लाख पेशी मिळाल्या. ७० टक्के जिवंत, म्हणजे १४ लाख. त्यातल्या ३० टक्के कर्करोगाच्या एपिथेलियल, म्हणजे ४ लाख २० हजार. सर्वांत तेजस्वी ५ टक्के, म्हणजे २१ हजार. सॉर्टिंगमध्ये अर्ध्या गेल्या तर हाती १० हजार. एवढ्यात स्फिअर चाचणी (एकेका पेशीपासून तरंगता गोळा वाढतो का ते बघणं) आणि थोडा आरएनए होईल, उंदराची पूर्ण मालिका होणार नाही. नमुना हाती येण्याआधीच काय करायचं आणि काय सोडायचं ते ठरलेलं हवं.

सीडी४४च्या जोडीला एएलडीएच या एन्झाइमची क्रिया मोजणं चांगलं, कारण ती पृष्ठभागावर नसून पेशीच्या आत असते आणि एन्झाइमच्या कापाकापीतून वाचते. २००७मध्ये स्तनाच्या कर्करोगात हा मार्कर पुढे आला. ती मोजणाऱ्या अल्डेफ्लुओर किटमध्ये मिलिलिटरला १० लाख पेशी, ५ मायक्रोलिटर सक्रिय सब्स्ट्रेट, आणि मिसळल्या क्षणी अर्धा मिलिलिटर डीईएबीच्या, म्हणजे एएलडीएच रोखणाऱ्या द्रव्याच्या, कंट्रोल नळीत. तो सेकंदांचा खेळ आहे. उशीर केलात तर कंट्रोल नळीतही चमक येते आणि गेट वर सरकतो. ३७ अंशांवर ३० ते ४५ मिनिटं, मग सगळं बर्फावर आणि किटच्याच बफरमध्ये, कारण त्यात रंग बाहेर फेकणारे पंप रोखणारी द्रव्यं असतात. साध्या पीबीएसमध्ये धुतलं की पेशी चमक ओकून टाकतात. हा रंग हिरवा असतो, म्हणून सोबतची कोणतीही अँटिबॉडी एफआयटीसीची (तीही हिरवीच) घेऊ नका. आणि पेशी फिक्स करायच्या नाहीत.

स्फिअर चाचणी तुमच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. न चिकटणारी प्लेट, सीरमविरहित डीएमईएम-एफ१२, बी२७, ईजीएफ आणि बीएफजीएफ प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, हे वाढघटक दर ३ दिवसांनी पुन्हा. कळीची गोष्ट घनता: मिलिलिटरला ५०० ते १००० पेशी, त्याहून जास्त नाही. मिलिलिटरला ५० हजार पेशी टाकल्या की दुसऱ्याच दिवशी सुंदर गोल गोळे दिसतात, पण ते पेशी एकत्र जमून झालेले असतात, एका पेशीपासून वाढलेले नसतात. शंका असेल तर निम्म्या पेशी हिरव्या आणि निम्म्या लाल रंगाने खूण करून मिसळा. दोन रंगांचे गोळे आले तर घनता कमी करा. सर्वांत निर्विवाद पद्धत म्हणजे ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये खान्याला एक पेशी, आणि त्याच दिवशी मायक्रोस्कोपखाली खरोखर एकच आहे हे बघून नोंद. ७ ते १४ दिवसांनी ५० मायक्रोमीटरहून मोठे गोळे मोजा. १००० पेशींतून १२ गोळे म्हणजे १.२ टक्के. प्लेट मधे मधे उचलून हलवू नका.

पहिल्या पिढीचे गोळे फारसं सांगत नाहीत, अर्धवट पक्व पेशीही एकदा गोळा करते. गोळे अ‍ॅक्यूटेज या सौम्य एन्झाइमने सुटे करून तेवढ्याच घनतेने पुन्हा लावा, आणि मग तिसऱ्यांदा. सीडी४४-तेजस्वी गटाची टक्केवारी टिकते किंवा वाढते आणि मंद गटाची दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत विझते, असं दिसलं तर आत्म-नूतनीकरणाबद्दल काहीतरी हाती लागलं. तरीही निरोगी अस्तराच्या पेशीही स्फिअर करू शकतात, म्हणून ही चाचणी उंदराच्या जागी ठेवता येत नाही.

उंदराचं काम जळगावात करायचा विचारही करू नका. त्याला एनएसजी उंदीर, निर्जंतुक पिंजरे आणि प्राणी नीती समितीची मंजुरी लागते, म्हणजे असं प्राणिगृह असलेल्या मोठ्या संशोधन संस्थेची साथ. पण निकाल वाचता यायलाच हवा. १०, १००, १००० आणि १०,००० पेशी, निम्मं मॅट्रिजेल असलेल्या द्रावणात मिसळून, त्वचेखाली, आणि किमान ६ महिने वाट. ज्या मात्रेला ३७ टक्के उंदरांत गाठ होत नाही, त्या मात्रेत सरासरी एक गाठ करणारी पेशी असते. १००० पेशी टोचून ८पैकी ४ उंदरांत गाठ झाली, तर अंदाज सुमारे १४४०त १. १००० पेशी टोचून ६पैकी एकाही उंदरात झाली नाही, म्हणजे शून्य नव्हे: ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण २०००त १पेक्षा कमी आहे.

आणि सॉर्टिंगची शुद्धता. मंद गटात २ टक्के तेजस्वी पेशी मिसळल्या असतील, तर १०,००० पेशींच्या मात्रेत २०० तेजस्वी पेशी गेल्या. तेजस्वी गटातल्या दर १०० पेशींमागे एक गाठ करत असेल, तर मंद गटातही गाठ येणारच, आणि "मंद पेशीही गाठ करतात" असा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून सॉर्ट केलेल्या दोन्ही नळ्यांतला थोडा थोडा भाग पुन्हा यंत्रातून घालून शुद्धता मोजायची आणि आकड्यासह छापायची. उंदरात आलेली गाठही कापून बघा. मानवी गाठीतून गेलेल्या बी-लिम्फोसाइट्समध्ये एपस्टीन-बार विषाणू असला तर एनएसजी उंदरात मानवी लिम्फोमा होतो, आणि बाहेरून तो तुमच्या गाठीसारखाच दिसतो. केरॅटिन (एपिथेलियल पेशींचं प्रथिन) आणि सीडी४५चं स्टेनिंग केलं की फरक उघड होतो.

पीसीआर आहे म्हणून ऑक्ट४, सॉक्स२, नॅनॉग ही स्टेम पेशींत चालू असणारी जनुकं लावून बघण्याचा मोह होईल. ऑक्ट४ला पुष्कळ स्यूडोजीन (जनुकाच्या निकामी नकला) आहेत, नॅनॉगलाही आहेत. जीनोमिक डीएनएची जराशी भेसळ असली तरी बँड येतो. डीएनेज, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला कंट्रोल, आणि ऑक्ट४-ए हेच रूप ओळखणारे प्रायमर, याशिवाय तो निकाल धरू नका. सॉक्स२ तर निरोगी स्क्वॅमस अस्तराच्या तळच्या थरातही असतो, आणि स्क्वॅमस कर्करोगांत त्याच्या गुणसूत्राचा तो भाग बऱ्याचदा वाढलेला असतो. त्यामुळे एकट्या सॉक्स२वरून स्टेमपणा ठरवू नये.

मग तुमच्याकडे जे आहे त्यात काय करावं? पॅराफिन ब्लॉकवरचं काम नीट करा. त्याची किंमत कमी लेखली जाते. ४ मायक्रोमीटरचे छेद, सायट्रेट बफर पीएच ६मध्ये ९५ अंशांच्या वर २० मिनिटं, लागोपाठच्या छेदांवर सीडी४४, एएलडीएच१ए१ आणि केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण). सीडी४४ला टॉन्सिलचा आणि एएलडीएच१ए१ला यकृताचा छेद कंट्रोल म्हणून दर फेरीत. त्याच स्लाइडवर शेजारचं निरोगी अस्तर आलं तर ते सर्वांत चांगलं. गाठ जिथे स्नायूत घुसते तिची ती कड वेगळी मोजा, मधला भाग वेगळा. केरॅटिनचे गोल मोती आणि सडलेला भाग मोजणीतून वगळा, कारण दोन्ही ठिकाणी रंग उगाच धरतो. दोघांनी एकमेकांचं न बघता आणि रुग्णाची माहिती न बघता मोजा. यातून "या पेशी कुठे बसतात, किती आहेत, विभागतात की शांत आहेत" हे कळतं. "या पेशी गाठ निर्माण करतात" हे कळत नाही. प्रबंधात "सीडी४४ पॉझिटिव्ह पेशी, एएलडीएच१ए१ पॉझिटिव्ह पेशी" असंच लिहा.

आणखी एक बाब लक्षात ठेवा. स्टेमसदृश असणं ही कायमची जात नाही. २०१७मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या मानवी ऑर्गनॉइडमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या गाठींमध्ये) एलजीआर५ हा स्टेम पेशींचा मार्कर असलेल्या पेशी जनुकीय युक्तीने मारल्या, तेव्हा गाठ आधी आक्रसली, पण उरलेल्या एलजीआर५ नसलेल्या पेशींतून एलजीआर५वाल्या पेशी पुन्हा तयार झाल्या आणि गाठ परत वाढली. त्यामुळे सॉर्ट केलेला मंद गट वाढवून १० दिवसांनी पुन्हा स्टेन करा. त्यात तेजस्वी पेशी उगवल्या तर तो प्रयोग फसला असं समजू नका, तो निकाल आहे. फक्त आधी शुद्धता मोजलेली असायला हवी, नाहीतर उगवलेल्या आणि मिसळलेल्या पेशींत फरक करता येणार नाही. एकेका पेशीच्या आरएनएचं काम कुणी करून देत असेल तर जरूर करा, पण ३७ अंशांवर तासभर एन्झाइममध्ये राहिलेल्या पेशी फॉस आणि जून ही जनुकं व हीट-शॉकची, म्हणजे ताणाची, जनुकं पेटवतात. तो ताण नव्या पेशीगटासारखा दिसतो.

क्रम विचाराल तर: नीती समितीचा अर्ज आज टाका. तो मंजूर होईपर्यंत तोंडाच्या कर्करोगाची एक सेल लाइन मागवा, उदाहरणार्थ कॅल-२७ किंवा एससीसी-२५. आल्याबरोबर एसटीआर तपासणी (डीएनएवरून सेल लाइनची ओळख) आणि मायकोप्लाझ्मा या लपून राहणाऱ्या जंतूची चाचणी करून घ्या. एन्झाइमची तपासणी, स्फिअरची घनता आणि दोन रंगांचा प्रयोग तिच्यावर बसवा. पहिल्या दोन-तीन रुग्णांचे नमुने फक्त पेशी सुट्या करण्याच्या सरावाला वापरा आणि त्यांचे आकडे प्रबंधात घेऊ नका. प्रत्येक नमुन्यामागे वजन, ऑपरेशनपासूनचे तास, डब्याचं तापमान, एन्झाइमचा लॉट, एकूण आणि जिवंत पेशी एवढं एका ओळीत लिहिणारी वही पहिल्या दिवसापासून ठेवा. एखाद्या नमुन्यात सीडी४४ अचानक मंद निघाला, की कारण आधी त्या वहीत शोधायचं.